मदत हवी आहे : मँचेस्टर युनायटेड यंदा सावरेल का? पोरांना काय सांगू?

मैदानवाला_परभणी | २६ जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

परभणीत मी आठवी-नववीच्या पोरांना संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. नोकरी वेगळी आहे, हे हौसेचं काम. मैदानाचा मोठा भाग क्रिकेटवाल्यांकडं असतो, कडेच्या पट्ट्यात विटा मांडून आम्ही गोल करतो. पण पोरं जीव लावून खेळतात. टीमची जर्सी लाल. पहिल्या बॅचनं मँचेस्टर युनायटेडकडं बघून हा रंग घेतला, तेव्हापासून तोच चालत आलाय.

आता शालेय स्पर्धा तोंडावर आल्यात. जुन्या जर्सी आखूड झाल्या, नव्या छापायला टाकायच्या आहेत, आणि टीममध्ये दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात लाल नको, मँचेस्टर सिटीसारखी आकाशी करू. वर्गातली बाकीची पोरं यांना 'पंधरावे आले, पंधरावे आले' म्हणून चिडवतात. पैसे पालकांचे आहेत, बी-बियाणं आणि खतात आधीच हात मोकळे झालेल्या पालकांचे. म्हणजे एकदा रंग ठरला की दोन वर्षं तरी तोच वापरावा लागणार.

रंगाचं मतदान घेता येईल, अडचण ती नाही. परवा सराव संपल्यावर आमचा गोलकीपर, एरवी तोंडातून शब्द न काढणारं पोरगं, हातमोजे काढता काढता म्हणालं, "सर, खरं सांगा, ते परत वर येतील का? का संपलं आता?" त्याला नुसतं 'येतील रे' म्हणून वाटेला लावणं माझ्या जिवावर येतं. ही पोरं मी सांगतो ते खरं धरतात.

मला जे दिसतं ते असं. लीगमध्ये १५वा नंबर, ३८ सामन्यांत ४२ पॉइंट, १८ पराभव. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून इतकं खाली कधीच गेलो नव्हतो. त्याच्या आधीचा सगळ्यात खराब नंबर आठवा, तोही आदल्याच वर्षीचा. मेमध्ये बिल्बाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून ०-१ हरलो, जे स्वतः लीगमध्ये १७वे होते. ती मॅच आम्ही रात्री साडेबाराला एका पालकाच्या घरी सगळ्यांनी मिळून बघितली. आपल्या होयलुंडचं हेडर टॉटनहॅमच्या व्हॅन द व्हेननं गोलरेषेवरून हवेत पाय उचलून काढलं, तेव्हा दोन पोरं रडायलाच लागली.

जाणकारांनी मदत करा. एक, यंदा खरोखर किती अपेक्षा धरावी? दुसरं, दोष खेळाडूंचा, मॅनेजर अमोरिमच्या तीन डिफेंडरच्या पद्धतीचा, की मालकांचा? आणि पोरांचा हट्ट आहे की आपणही तीन डिफेंडर लावून खेळू, त्यावर काय करू? हो ला हो नको, खरं ते लिहा. विरोधी संघाच्या चाहत्यांनीही लिहावं.

---

गोदाकाठचा_लाल (नांदेड)

सर, आधी त्या ४२ पॉइंटची फोड करून बघा. आधीच्या मॅनेजरच्या, टेन हागच्या, ९ सामन्यांत ११ पॉइंट. मधल्या काळात हंगामी मॅनेजर व्हॅन निस्टलरॉयच्या २ सामन्यांत ४. अमोरिमच्या २७ सामन्यांत २७. म्हणजे नवा माणूस आल्यावर गाडी वर चढली नाही, सरासरी आणखी खाली आली. त्याचे विजय ७, आणि त्यातले ३ साउदॅम्प्टन, इप्सविच आणि लेस्टरविरुद्ध, जे तिघंही खालच्या लीगमध्ये गेले. १६ मार्चला लेस्टरला हरवल्यावर थेट शेवटच्या दिवशी अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध जिंकलो. मधल्या ८ सामन्यांत लीगचा एकही विजय नाही. हे पोरांपासून लपवू नका.

आता दुसरी बाजू. रोग कुठं आहे ते कळतं, आणि मला तरी तो मुख्यतः गोल करण्यात दिसतो. ३८ सामन्यांत ४४ गोल. लिव्हरपूलनं ८६ मारून लीग जिंकली. आपल्याकडं लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल कुणाचे? ब्रुनोचे आणि अमादचे, प्रत्येकी ८. होयलुंड, जो आपला नंबर नऊ, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, त्याचे ४. त्या पोराला दोष देताना मी जरा हात आखडता घेतो, कारण त्याच्यापर्यंत बॉलच पोचत नव्हता. आता वुल्व्ह्जचा कुन्या आणि ब्रेंटफोर्डचा एम्ब्युमो आलेत. गेल्या लीगमध्ये कुन्यानं १५ आणि एम्ब्युमोनं २० गोल केले, आणि दोघंही इंग्लंडमध्येच खेळून तयार झालेले. परदेशातून आणून दोन वर्षं रुळायची वाट बघायची, तसं इथं नाही. मला यातच सगळ्यात जास्त आशा वाटते.

आणि यंदा युरोपातली एकही स्पर्धा नाही, हे दुःख आहे पण त्यात फायदाही आहे. गुरुवारी रात्री खेळून, प्रवास करून, रविवारी परत उभं राहायचं हे बंद. आठवडाभर सराव मिळणार. चेल्सी २०१५-१६ मध्ये १०वी आली, पुढच्या वर्षी युरोप नव्हता, आणि नवा मॅनेजर कॉन्तेनं ९३ पॉइंट घेऊन लीग जिंकली. तीही तीन डिफेंडर लावून! आपलंच बघा, मॅनेजर मॉयेसच्या वर्षी ७वे आलो, पुढच्या २०१४-१५ ला युरोप नव्हता, व्हॅन खालनं चौथा नंबर आणला.

---

जालना_कॉप

मी लिव्हरपूलवाला. सरांनी बोलावलंय म्हणून लिहितो, जखमेवर मीठ चोळायला नाही.

नांदेडकर भाऊ, चेल्सीचं उदाहरण पोरांना देऊ नका, अपेक्षा भलतीकडं जातील. ती टीम आदल्याच्या आदल्या वर्षी, २०१४-१५ ला, चॅम्पियन होती. हजार्ड, कोस्टा तिथंच होते, वर कान्टे घेतला. एक वर्ष घसरलेला चांगला संघ होता तो. तुमचा संघ एका वर्षात नाही घसरला. २०१३ ला मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले, त्यानंतर लीग नाही. इतके मॅनेजर आले, प्रत्येकाला वेगळ्या धाटणीचे खेळाडू हवे होते, आणि त्या सगळ्यांची उरलेली माणसं एकाच ड्रेसिंग रूममध्ये. अमोरिमला विंगबॅक, म्हणजे कडेनं वर-खाली पळणारे डिफेंडर लागतात, तर फेब्रुवारीत लेच्चेहून डोर्गू आणावा लागला. अमाद हा विंगर, त्याला विंगबॅकला खेळवलं.

आम्हीही तीस वर्षं लीगची वाट बघितली, १९९० ते २०२०. त्यामुळे वाट बघणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. आमच्याकडं बदल झाला तो एकच माणूस धरून ठेवल्यावर. मॅनेजर क्लॉप २०१५ ला आला, त्या मोसमात आम्ही ८वे होतो, लीग आली २०२० ला. पोरांना मी इतकंच सांगीन की यंदा पहिल्या सातात-आठात आले तर चांगली सुरुवात समजा. विजेतेपद हा शब्द यंदा काढूच नका.

---

मैदानवाला_परभणी

जालनेकर, मनापासून आभार. सात-आठ म्हणजे पोरं नाराज होतील, पण हे त्यांना समजेल असं सांगता येईल.

मालकांबद्दल कुणीच लिहिलं नाही. 'ग्लेझर आउट' पोरं फळ्यावर लिहितात, पण ते नक्की काय आहे ते त्यांना माहीत नाही, आणि खरं तर मलाही पैशांचं गणित नीट कळत नाही. एवढा श्रीमंत क्लब, मग खेळाडू घ्यायला आधी विकावं का लागतं?

---

लातूर_लेखापाल

सर, हे माझ्या धंद्यातलं आहे, सांगतो.

ग्लेझर कुटुंबानं २००५ ला क्लब घेतला, किंमत सुमारे ७९ कोटी पौंड. त्यातला मोठा भाग कर्ज, आणि त्यातलं बरंचसं कर्ज त्यांनी क्लबच्याच अंगावर टाकलं. आपल्याकडं समजेल असं सांगायचं तर, कुणीतरी तुमची जमीन विकत घेतो आणि घ्यायला काढलेल्या कर्जाचा बोजा त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर चढवतो. मग वर्षानुवर्षं पीक येतं त्यातून आधी व्याज जातं. क्लब कमावतो भरपूर, पण स्टेडियम जुनं होत गेलं आणि छत गळत राहिलं, त्याला हे एक मोठं कारण आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी २७.७ टक्के हिस्सा घेतला. फुटबॉलचा कारभार त्यांच्या लोकांकडं आला, बहुमत अजून ग्लेझरांकडंच. आल्यावर त्यांनी खर्च कापायला घेतला. आधी सुमारे २५० नोकऱ्या गेल्या, यंदा आणखी कपात झाली. खेळाडूंच्या खरेदीत झालेल्या चुकांची किंमत ऑफिसातल्या, कँटीनमधल्या माणसांनी मोजावी हे मला अजिबात पटत नाही, आणि एक चाहता म्हणून त्याचा राग आहे.

आता विकण्याचा प्रश्न. लीगचा नियम आहे की तीन वर्षांत मिळून तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या वर जाता कामा नये. स्टेडियम, अकादमी, महिला संघ यांचा खर्च त्यातून वगळतात. युनायटेडला २०२३-२४ या एकाच वर्षी ११.३ कोटींचा तोटा झाला, म्हणून हात बांधलेले. पण खेळाडूची किंमत हिशोबात एकदम धरत नाहीत, कराराच्या वर्षांवर वाटतात, जास्तीत जास्त पाच वर्षं. कुन्याचे ६ कोटी २५ लाख पौंड पाच वर्षांवर वाटले तर हिशोबात दरवर्षी १ कोटी २५ लाखच दिसतात. उलट अकादमीत तयार झालेलं पोरगं विकलं की सगळी रक्कम त्याच वर्षी नफा, कारण त्याच्या खरेदीचा खर्च पुस्तकात शून्य. म्हणून प्रत्येक क्लब घरचीच पोरं बाजारात काढतो. गार्नाचो, मेनू यांची नावं सारखी विक्रीच्या बातम्यांत का येतात, ते यातून कळेल. तुमच्या पोरांना हे जरूर सांगा. नियम बनवणाऱ्यांना जे नको होतं तेच त्या नियमामुळं होतंय.

युरोपातली सगळ्यात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, नसल्यानं उत्पन्न घटतं, जर्सीच्या करारातही आदिदास १ कोटी पौंड कापून घेते. त्यामुळे तिथं परत जाण्यासाठी यंदा चौथा-पाचवा नंबर किती महत्त्वाचा आहे ते ध्यानात घ्या. दोन वर्षं युरोपबाहेर राहणं या क्लबला जड जाईल.

---

बीडचा_जुना_प्रेक्षक

लेकरांना १९७४ सांगा. १९७३-७४ ला युनायटेड २२ संघांत २१वी आली आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. १९६८ ला युरोपियन कप जिंकलेला क्लब, सहा वर्षांत तिथं. २७ एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्डवर सिटीकडून डेनिस लॉनं टाचेनं गोल केला. तोच लॉ, जो युनायटेडचा लाडका होता. गोल करून त्यानं जराही आनंद केला नाही. क्लबनं टॉमी डोकर्टीला काढलं नाही, आणि पुढच्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून ते वर आले.

यंदा ते खाली गेलेले नाहीत. हे फार मोठं आहे, राव. आणि यंदाची युरोपा लीगमधली लियाँविरुद्धची मॅच कुणी विसरू नये. १७ एप्रिलला जादा वेळेत ४-२ नं मागं होते, शेवटच्या सात मिनिटांत तीन गोल. मग्वायर, ज्याला सगळ्यांनी मोडीत काढलं होतं, त्यानं १२१व्या मिनिटाला हेडर मारलं. ज्या संघात जीवच उरला नाही तो असं खेळत नाही.

---

विंगबॅक_संभाजीनगर

सर, तुमचा तिसरा प्रश्न राहून गेला. मी विद्यापीठाच्या टीमकडून विंगबॅकलाच खेळलोय.

तीन डिफेंडरच्या पद्धतीत सगळं ओझं दोन विंगबॅकवर असतं. बॉल आपल्याकडं असताना ते दोघं वर जाऊन फॉरवर्डच्या रेषेत उभे राहायला हवेत, बॉल गेला की पळत मागं येऊन पाचचा डिफेन्स करायला हवा. युनायटेडचं नेमकं इथंच बिघडलं. ते वर वेळेवर पोचत नव्हते, म्हणून होयलुंड एकटा पडायचा, आणि मागं परतताना उशीर झाला की मध्ये दोघंच मिडफिल्डर. मोठ्या मैदानात दोघांना तेवढी रुंदी झाकणं शक्य नाही. ब्रुनोला तिथं मागं खेचलं की पुढचा पास द्यायला कुणी उरत नाही. म्हणून मला वाटतं, एम्ब्युमो आला ते बरंच, पण मिडफिल्डरची खरेदी अजून बाकी आहे. ती झाली नाही तर नोव्हेंबरपर्यंत तीच रडकथा ऐकू येईल.

आठवी-नववीच्या पोरांना हे लावू नका. त्या वयात एवढं पळणारी दोन पोरं एका टीमला मिळत नाहीत, आणि तुमच्याकडं कडेची पट्टी, म्हणजे रुंदीच नाही. साधा चारचा डिफेन्स ठेवा. हट्ट असेल तर एक सराव करून दाखवा. पट्टीच्या दोन्ही टोकांना वीट ठेवा, ज्याला विंगबॅक व्हायचंय त्यानं बॉल आपला असेल तेव्हा पुढची वीट शिवायची, गेला की मागची. वीस मिनिटं खेळवा. कुणाच्या पायात दम आहे ते पोरांनाच कळेल.

---

मैदानवाला_परभणी

विटेचा सराव आज संध्याकाळी घेतला. दोन पोरं शेवटपर्यंत टिकली, बाकीच्यांनी आपणहून चारचा डिफेन्स मान्य केला.

लेखापाल भाऊंचं सातबाऱ्याचं उदाहरण सांगितलं, ते पोरांना लगेच समजलं. एकानं विचारलं, मग बोजा उतरवणार कोण? रॅटक्लिफ यांच्याकडं बहुमत नाही, हे मी सांगितलं. त्यापुढचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. कुणाला नीट माहिती असेल तर लिहा.

गोलकीपरला मी असं सांगितलं : यंदा पहिले येणार नाहीत, सातवे-आठवे आले तर चाललंय ते बरं चाललंय, आणि मिडफिल्डर आला का याच्यावर लक्ष ठेव. त्यानं विचारलं, पहिली मॅच कधी? १७ ऑगस्ट, रविवार, आर्सेनलबरोबर, आपल्याकडं रात्री नऊला. युरोप नसल्यानं यंदा पोरांना साडेबारापर्यंत जागायची वेळ फारशी येणार नाही, पालकही परवानगी देतील.

मतदान रविवारी आहे. छपाईवाल्याला सोमवारी रंग कळवायचा आहे. जर्सीचं कापड परभणीत जाड मिळतं, घामानं पोरांच्या अंगाला चिकटतं. नांदेड किंवा लातूरला जाळीचं हलकं कापड घाऊक भावात कुठं मिळतं, ते कुणी सांगू शकेल का?