मदत हवी आहे: रात्रपाळीच्या डब्यातलं दही थंडीत लागत नाही

नाशिकच्या अंबड-सातपूर कारखाना-वसाहतींतल्या रात्रपाळी कामगारांसाठी डबा ठरवतोय. पहाटे तीनला खारी आणि गोड चहा घेतला की साखर झपाट्याने चढते, दोन-तीन तासांत उतरते. मग चिडचिड, गळाठा. शिवाय चहातलं कॅफिन पाच तासांनीही साधारण निम्मं अंगात उरतं, त्यामुळे सकाळची झोप बिघडते, आणि झोप मोडली की मनही ढासळतं.

म्हणून रात्री दहाला नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, वर लिंबू (त्याने उसळीतलं लोह नीट शोषलं जातं, चहा मात्र तासभर लांबच). तीनला मूठभर फुटाणे, पेरू, वाटीभर दही. शाकाहारी माणसाला बी-१२ मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं. ते कमी पडलं की थकवा, उदासी, विसरभोळेपणा येतो, म्हणून दही सोडायचं नाही.

अडचण इथेच आहे. उन्हाळ्यात लावलेलं दही नेलं तर तीनपर्यंत आंबट ढोण होतं, म्हणून कोमट दुधात अर्धा चमचा विरजण घालून डबा देतो, ते वाटेत लागतं. पण डिसेंबर-जानेवारीत, जास्त थंडीच्या निफाडकडून येणाऱ्यांच्या डब्यात तर हमखास, दूध पातळच राहतं. विरजण वाढवलं तर आंबतं, दूध जास्त गरम घेतलं तर फाटतं. स्टीलच्या डब्याला काय गुंडाळता? थर्मासमध्ये कुणी लावलंय का? दुधाची उष्णता आणि विरजणाचं माप कृपया नेमकं सांगा.