जपानमध्ये राहणाऱ्यांनो, तुमचे रोजचे अनुभव सांगा

मंडळी, तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कसाईला राहून मला आता नऊ वर्षं झाली. 2005 च्या सुमारास हंगामा चॅनेलवर हिंदीतून डोरेमॉन लागायचा तेव्हा मी शाळेत होते, ताट पुढ्यात आणि डोळे टीव्हीत. मुलं एकटी शाळेत जातात, आपला वर्ग आपणच पुसतात, हे सगळं कार्टूनवाल्यांनी रचलंय असंच वाटायचं. यंदा लेक पहिलीत गेली आणि शाळेने आणायला सांगितलेल्या सामानाच्या यादीत चक्क फरशी पुसायचं फडकं, झोउकिन म्हणतात त्याला, ते होतं. दप्तरावर पिवळं कव्हर, डोक्यावर पिवळी टोपी, आणि सोबत सोसायटीतली मोठी मुलं. पहिला आठवडाभर मी लपत लपत मागून गेले. सिग्नलपाशी एक आजोबा रोज झेंडा घेऊन उभे असतात, ते तिसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "दाइज्योबु, काळजी नको, मी बघतो." त्या दिवसापासून मी घरीच थांबते. संध्याकाळी पाचला भोंग्यावर गाण्याची धून वाजते आणि बागेतली मुलं घराकडे वळतात. आपल्याकडे दिवेलागणीला आजी हाक मारायची ना, तसं काहीसं वाटतं मला.

तुम्हाला टीव्हीत नाहीतर पुस्तकात दिसलेलं जपान राहिल्यावर कसं वाटलं? लहानमोठं काहीही लिहा.

*

मी कचऱ्याबद्दल लिहितो कारण माझा इथला पहिला धडा तोच. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटलीचं झाकण काढायचं, लेबल सोलायचं, बाटली विसळून चेपायची, हे ऑफिसात सांगितलं होतं, पण वार चुकला. संध्याकाळी येऊन बघतो तर सगळ्यांच्या पिशव्या गेलेल्या आणि माझी एकटी तिथेच, वर स्टिकर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या काकू बाहेर आल्या, मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, तर त्या घरात जाऊन कॅलेंडर घेऊन आल्या आणि प्रत्येक वारासमोर चित्रं काढून दिली, बाटली, पेपर, मासा. कावळ्यांसाठी टाकलेली जाळी कशी दाबून बसवायची तेही दाखवलं. लोक म्हणतात जपानी माणसाच्या अंगातच शिस्त असते, मला ते पटत नाही, इथे कोणीतरी बसून शिकवतं म्हणून ती येते. ते कॅलेंडर अजून फ्रीजवर आहे, काकू आता मुलाकडे राहायला गेल्या.

*

शाकाहारी लोकांनी आधीच तयारी ठेवा. "निकु नको", म्हणजे मांस नको, म्हटलं की मटण-चिकन टळतं, मासे नाही. मिसो सूप, भाजी, सोबा नूडल्सचं सार, सगळ्याच्या मुळाशी दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाची. मी चार महिने आवडीने सूप पीत होते, कळलं त्या रात्री रडले. पण नंतर कोयासानला गेलो, डोंगरावरचं बौद्ध मठांचं गाव. तिथे मठात राहता येतं आणि भिक्षूंचं जेवण मिळतं, शोजिन र्योरी, कांदा-लसूणही नाही. तिळाचं तोफू तोंडात ठेवलं आणि इतक्या दिवसांनी निर्धास्त जेवले. तिथल्या विद्यापीठात 2015 मध्ये बसवलेला बाबासाहेबांचा पुतळा आहे. थंडीत त्याच्यासमोर उभं राहिलो तेव्हा नवऱ्याला बोलवेना, तो नागपूरचा, दीक्षाभूमीच्या जवळ वाढलेला.

*

ताई, धागा छान. माझं भाषेबद्दल. पुण्यात हिरागाना, म्हणजे जपानी लिपी, शिकताना सेन्सेईंनी, आमच्या शिक्षकांनी, तक्ता लावला, आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, आणि मी म्हटलं अहो ही तर आपली बाराखडी! बौद्ध भिक्षू संस्कृत मुळाक्षरं शिकायचे त्यातून हा क्रम आला म्हणे. वाक्यातही क्रियापद शेवटी, शेवटच्या "ने" ला आपला "ना", "आत्सुई ने" म्हणजे "उकडतंय ना". पण खरी गंमत दातांच्या डॉक्टरकडे. दाढ दुखत होती, मला "दुखतंय" एवढंच येत होतं, तर त्यांनी विचारलं झुकी झुकी का चिकु चिकु? मी गप्प. मग त्यांनी मूठ उघड-मीट करून दाखवलं आणि मला एकदम कळलं, ठणकतंय का टोचतंय ते विचारतायत! ठणकणं, टोचणं, भणभणणं, असे दुखण्याचे प्रकार ज्या भाषेत आहेत त्या भाषेच्या माणसाला जपानी परकी वाटायचं कारण नाही. ढग गोरो गोरो, छाती दोकी दोकी, मी वहीत दोन रकाने करून लिहीत जातो, एकीकडे जपानी, एकीकडे मराठी, चारशेच्या वर जोड्या झाल्यात.

*

वरची वही टाइप करून टाका ना कुठेतरी, प्लीज!!

*

मी 2011 च्या मोठ्या भूकंपात इथेच होतो. 11 मार्च, दुपारी पावणेतीन, शिनागावाला ऑफिसात. ट्रेन बंद पडल्या, मग सगळे चालत निघाले, मीही, निशी-कसाईपर्यंत. रस्ताभर माणसंच माणसं पण आवाज नाही, ढकलाढकली नाही. दुकानांनी पुठ्ठ्यावर लिहून दारात लावलं होतं, टॉयलेट वापरा. एका आजींनी मला गरम चहाची बाटली दिली, मी पैसे काढेपर्यंत त्या पुढच्याला द्यायला गेल्या होत्या. त्याच देशात पुढच्या वर्षी घर शोधताना तीन मालकांनी परदेशी नको म्हणून फोन ठेवला, तेही सांगतो, कारण दोन्ही माझ्याच बाबतीत झालंय. चौथ्या घरात अजून राहतो.

*

आमचा अनुभव साधा आहे. आई-बाबा अमरावतीहून आले होते, फुजी दाखवायचा ठरवला तर ढग. मग नोबोरितोला उतरून डोरेमॉनवाल्या म्युझियमला नेलं, कावासाकीत आहे, 2011 ला उघडलंय. बाहेर गच्चीवर ते तीन सिमेंटचे पाइप ठेवलेत, कार्टूनमधल्या मोकळ्या मैदानातले. बाबा बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, हे ते. तू जेवायचा नाहीस हे लागल्याशिवाय." मला वाटायचं ते तेव्हा पेपर वाचत असायचे. मग पाइपवर बसले आणि म्हणाले फोटो काढ.