मदत हवी आहे: कोणता नवा माल काढायचा, हे गिऱ्हाइकांच्या ऑनलाइन आगाऊ नोंदणीवर ठरवायचंय

जात्यावर: आमचा वर्धा जिल्ह्यातला दहा बायांचा बचत गट. हळद आणि तिखट पार्सलनं नागपूर-पुण्याला जातं. आता नवा माल: जवसाची चटणी, मुगवड्या की अंबाडीच्या बोंडांचा जॅम? व्हॉट्सॲपवर मतं मागितली तर सगळ्यात जास्त जॅमला. त्यावर विसंबायचं का? पैसे आधी घ्यायचे तर किती? आणि किती नोंदण्या आल्या की करायला घ्यायचं?

तिफन: ताई, तिथं बोट लावायला पैसे पडत नाहीत, म्हणून जॅम पुढं. पैसे भरले तेच मत धरा.

आधी प्रत्येक मालाचा किमान आकडा काढा. समजा चटणीचं २०० ग्रॅमचं पाकीट १२० रुपयांना. जवस, तीळ, मिरची, लसूण, पाउच मिळून ७० गेले, उरले ५०. पाकिटं दहा असोत की शंभर, एका खेपेला तिघींची मजुरी ९००, सरपण-दळण २००, लेबलं ४०० लागणारच, म्हणजे १,५००. भागिले ५०, आले ३० पाकिटं. फुटतूट धरून ३६ लिहा. जॅमला काचेची बाटली आली की हाच आकडा बराच वर जातो. म्हणून सगळ्यात जास्त नोंदणीवाला माल जिंकला, असं ठेवू नका. जो आपली रेघ ओलांडेल तो होईल. दोन ओलांडतील, एखादवेळी एकही नाही.

वीस रुपयांचं टोकन घेऊ नका, पूर्ण किंमत घ्या. वीस सोडून देणारे खूप असतात, आणि भाजून कुटलेला जवस तर ठेवता येत नाही. त्याच्या तेलाला हवा लागली की महिन्या-दीड महिन्यात खवट वास मारतो.

मुगवड्यांची नोंदणी फेब्रुवारीतच बंद करा, मार्च ते मे ऊन मिळतं. पावसाळ्यात त्या यादीत ठेवूच नका राजेहो, बुरशी ठरलेली. जॅमची नोंदणी बोंडं यायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास.

सरकी: गूगल फॉर्ममध्ये पैसे भरल्याचा फोटो मागू नका. फोटो जोडायचा प्रश्न टाकला की भरणाऱ्याला गूगल खात्यानं लॉगिन करावंच लागतं, तिथंच गिऱ्हाईक फॉर्म सोडते. शिवाय तसा फोटो खोटाही बनवता येतो. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक मागा, रकान्याला बारा आकड्यांची अट लावा, आणि रोज संध्याकाळी खात्याच्या नोंदीशी ताडून पाहा. एकाच फॉर्ममध्ये दोन-तीन माल ठेवले तर पर्यायांचा क्रम दरवेळी बदलता ठेवा, नाहीतर पहिल्यालाच फुकटचा फायदा. आणि एक प्रश्न हमखास: माल ठरला नाही तर पैसे परत, की तेवढ्याची हळद? निकालाची आणि परतफेडीची तारीख वरच लिहा.

खरी अडचण खात्याची. गटाचं खातं दोन सह्यांवर चालतं, त्यातून यूपीआयनं पैसे पाठवायची सोय बहुतेक ठिकाणी नसते, आपल्या बँकेत विचारून घ्या. सोय नसेल तर बँकेचा क्यूआर घेऊन जमा होतील, परत करताना अडेल. ठराव घ्या, एका चेकनं सचिवाच्या खात्यात काढा, त्याच दिवशी सगळ्यांना पाठवा, नोंदवहीत प्रत्येकाचा व्यवहार क्रमांक. निकाल लागेपर्यंत त्या पैशातून मिरचीसुद्धा आणायची नाही.

तिफन: एक राहिलं. तुमची एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची सरकारी) नोंदणी हळद-तिखटाची असेल. चटणी, जॅम त्यात नसतील तर पैसे घ्यायच्या आधी प्रकार जोडून घ्या.

जात्यावर: चटणीची दोन पाकिटं एकाच पार्सलात घातली तर? टपाल त्या १२० च्या वर धरून किंमत लावायची आहे.

तिफन: स्पीड पोस्टला ५०० ग्रॅमच्या वर गेलं की पुढचा दर लागतो. २०० ग्रॅमची दोन पाकिटं ४००, पाउच आणि पातळ खोका ८०, झाले ४८०. जाड खोका घेतला की फसलं. फॉर्ममध्ये जोडीच विका, सुटं पाकीट ठेवू नका. मग वरचा हिशोब ३६ पाकिटांचा नाही, १८ जोड्यांचा.

जात्यावर: १८ जोड्या टाकते. जवसाचा फॉर्म उद्या.

सरकी: आधी दोघींच्या फोनवरून एक-एक रुपया भरून बघा. पैसे भरताना गटाचं नाव कसं दिसतं ते कळेल, गिऱ्हाइकांना तेच नाव सांगायचं.