शब्दचर्चा : स्कॉटलंडच्या ‘हाय स्ट्यूअर्ड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : स्कॉटलंडच्या स्ट्यूअर्ट राजघराण्याच्या उदयावर लेख लिहिते आहे. मूळपुरुष वॉल्टर फिट्झ ॲलन हा राजा पहिला डेव्हिड याचा ‘स्ट्यूअर्ड’ होता. ‘कारभारी’ लिहू की ‘खानसामा’?

उत्तर : खानसामा नको. लॅटिन सनदांत या पदाला ‘डापिफेर’ म्हणजे जेवण आणून वाढणारा असा शब्द येतो, आणि वॉल्टरचे ब्रिटनीतले (हा आजच्या फ्रान्सचा भाग) पूर्वज तिथल्या दोल गावच्या धर्माध्यक्षांकडे याच हुद्द्यावर होते, हे खरं. पण स्कॉटलंडात वॉल्टर राजवाड्याचा सगळा कारभार बघत होता. रेनफ्रूची मोठी जहागीर त्याच्याकडे होती, पेस्लीचा मठही त्यानेच स्थापला. वाढप्याला मठ बांधणं परवडत नाही! ‘कारभारी’ त्यातल्या त्यात जवळचा, तरी पुरेसा नाही. राजा चौथा माल्कम याने हे पद वंशपरंपरेने दिलं, आणि घराण्याची चढती कमान सुरू झाली ती तिथून. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘राजवाड्याचा वतनदार कारभारी’ लिहा. ‘वतन’ म्हटलं की मराठी वाचकाला पुढचं सांगावं लागत नाही.

आणखी एक : हुद्दा लिहिताना शेवटी ‘ड’, आडनाव लिहिताना ‘ट’, हा भेद कटाक्षाने पाळा. आपल्याकडे फडणीस, चिटणीस झाले तसं हुद्द्याचं आडनाव व्हायला पिढ्या लागल्या. ‘फिट्झ ॲलन’चा अर्थ फक्त ‘ॲलनचा मुलगा’, तेव्हा मूळपुरुषाला ‘वॉल्टर स्ट्यूअर्ट’ म्हणू नये.

प्रश्न : मग ‘कारभारी राजे झाले’ असं वाक्य चालेल?

उत्तर : मला ते खटकतं, कारण त्यात बंडाचा वास येतो. गादी आली ती सोयरिकीतून. सहावा हाय स्ट्यूअर्ड वॉल्टर याने 1315 मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याची मुलगी मार्जोरी हिच्याशी लग्न केलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1316 चा, तर मार्जोरीचा सावत्र भाऊ, म्हणजे पुढचा राजा दुसरा डेव्हिड, 1324 चा. भाचा मामापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मामा इंग्लंडच्या कैदेत असताना राज्य भाच्यानेच सांभाळलं. 1371 मध्ये मामा निपुत्रिक वारला आणि भाचा पंचावन्नाव्या वर्षी दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला. त्यामुळे ‘कारभाऱ्यांच्या घराण्याकडे गादी आली’ असं लिहा.

‘स्कॉटलंडचा ग्रेट स्ट्यूअर्ड’ (हाय स्ट्यूअर्डचंच दुसरं नाव) हे बिरुद आजही ब्रिटिश युवराजाकडे आहे, तेव्हा लेखात ते ‘लुप्त पद’ म्हणू नका.