सल्ला हवा: सिंगापूरचं तंत्रशिक्षण कुठून सांगायला घेऊ?

अवकाश: पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे लहान देशातल्या अभियांत्रिकी शिक्षणावर पाऊण तास बोलायचंय. सिंगापूर घेतोय. विद्यापीठांपासून सुरुवात करू का?

मिस्त्री: विद्यापीठं शेवटी घ्या. नान्यांग तंत्रसंस्था 1981 ची, तिचं विद्यापीठ झालं 1991 मध्ये. सिंगापूर पॉलिटेक्निक मात्र 1954 चं. खरी गोम मधल्या काळात आहे. 1965 ला मलेशियापासून वेगळं झाल्यावर कारखाने बोलावले, पण अडायचं ते डाय-मोल्ड, म्हणजे कारखान्यातले साचे, करणाऱ्या कारागिरांवाचून. म्हणून तिथल्या सरकारच्या आर्थिक विकास मंडळाने कंपन्यांनाच सोबत घेऊन प्रशिक्षण केंद्रं काढली: 1972 ला टाटा, मग कॅमेरेवाले रोलाय, 1975 ला फिलिप्स. पहिलं नाव टाटांचं म्हटल्यावर तुमची मुलं कान टवकारतीलच. वीस मिनिटं इथेच द्या.

अवकाश: डाय करणारा माणूस एवढा दुर्मीळ का, हे कसं पटवू?

खटपट्या: आकडा फळ्यावर लिहा. 1 मिमी माइल्ड स्टीलचा पत्रा कापायला पंच (वरून दाबणारा ठोकळा) आणि डाय (खालचा साचा) यांमधली फट दर बाजूला जाडीच्या साधारण 5 ते 10 टक्के, म्हणजे 0.05 ते 0.1 मिमी. जास्त झाली तर बर (कडेला उरणारी धारदार किनार) मोठी येते, कमी झाली तर धार लवकर जाते. पंच जरा एका अंगाला सरकला की जॉबची, म्हणजे कापलेल्या तुकड्याची, एक कड साफ, समोरची खरबरीत. प्रेसच्या कामाच्या वर्कशॉपमधून भंगारातले चार तुकडे मागून आणा. कडेवरून बोट फिरवू देऊ नका, कापेल, नखाने तपासा. शेवटचा हात कानशीचा आणि स्टोनचा, तो पुस्तकातून येत नाही.

मिस्त्री: +1. पुढे जर्मनी, जपान, फ्रान्स या सरकारांबरोबरही संस्था निघाल्या आणि त्या 1992 च्या नान्यांग पॉलिटेक्निकमध्ये सामावल्या. तिथली 'टीचिंग फॅक्टरी' जरूर सांगा: मुलं बाहेरच्या गिऱ्हाइकाची खरी कामं करतात.

रेघोट्या: नक्कल फसते तीही तिथेच. गिऱ्हाईक आणि तारीख नसेल तर ती परीक्षेच्या जॉबची खोलीच उरते. मास्तर कारखान्यातून आलेला नसेल तर मशीनला कुलूप. शिवाय कारखाने आणणारं आणि माणसं घडवणारं मंडळ तिथे एकच होतं. आपल्याकडे ही दोन खाती एकमेकांना पत्रं पाठवतात.

अवकाश: तुकडे उद्याच आणतो. पत्रा 1 मिमीचाच मागू ना?

खटपट्या: हो, पण मायक्रोमीटरने मोजून घ्या. 1.2 चाही '1 चा' म्हणून देतात.