मदत हवी आहे: रोगातून वाचलेल्या रोहूंचं बीज धरावं का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेकाठी. उसाच्या कडेला शेततळं आहे, दोन वर्षांपूर्वी त्यात रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली.

यंदा थंडीत रोग आला. आधी दोन-चार मासे सकाळी काठाला सुस्त पडून असायचे. हातात घेतलं की परांच्या बुडाशी लाल चट्टे, खवले उभे राहिलेले, पोट पाण्यानं टम्म. आठवडाभर टोपल्या भरून मेलेले मासे काढले. आण्णा काठावरून उठेनात, जेवायलाही आले नाहीत. तपासणीत एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू निघाला. चुना टाकला, पाणी बदललं, मग मर थांबली.

पण त्याच पाण्यात पंचवीस-तीस रोहू ठणठणीत राहिले, अंगावर एक डाग नाही. आता किलोच्या वर गेलेत. यांच्यात रोगाशी लढणारी जनुकं चांगली असतील, तर यांचंच बीज पुढं धरावं का? कन्नडमधलं माहितीपत्रक वाचलं, त्यात चुन्याचं आहे, जनुकांचं काही नाही. आई म्हणते विकून टाक. माझं मन होत नाही.

प्रतिसाद:
दादा, नुकसान वाचून वाईट वाटलं. पण वाचला म्हणजे जनुकानं तगडा, असं लगेच धरू नका. जिवाणू ओळखणारे टोल-लाइक रिसेप्टर, त्याची भिंत फोडणारं लायसोझाइम, यांची जनुकं पिल्लांत उतरतात. रोगाशी झुंजताना रक्तात तयार झालेली आयजीएम प्रतिपिंडं मात्र त्या माशापुरतीच. आईकडून अंड्यात थोडी गेली तरी फार दिवस टिकत नाहीत.

बाहेरून बघून यातलं काय आहे ते कळत नाही. म्हणून भुवनेश्वरच्या सीफात (गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संशोधन संस्था) घराणी, म्हणजे एकेका जोडीची पिल्लं, वेगळी वाढवतात, प्रत्येकातल्या काही पिल्लांना मुद्दाम हाच जिवाणू टोचतात आणि ज्या घराण्यातली जास्त जगतात, त्यांच्या न टोचलेल्या भावंडांपासून पुढची पिढी घेतात. शिवाय रोहू तळ्यात अंडी घालत नाही, संप्रेरकाचं इंजेक्शन लागतं. आणि तुमचे मासे एकाच खेपेचे, म्हणजे बहुधा सख्खी भावंडं. त्यांच्यातच जोड्या लावल्या तर पिल्लं अशक्त निघतील. त्यापेक्षा बीज केंद्रात जयंती रोहू मिळतो का विचारा. ही सीफाचीच 1997 सालची जात, मुळात जलद वाढीसाठी निवडलेली.

धागाकर्ता:
आभारी आहे. मग हे मासे नव्या बोटुकलीसोबत त्याच तळ्यात ठेवले तर चालेल?

प्रतिसाद:
नको. वरून ठणठणीत दिसले तरी अंगात जिवाणू असू शकतो. आधी हे काढा, तळं सुकवा, चुना मारा, मगच नवीन सोडा.