न वापरता ठेवलेला अवरक्त डिटेक्टर खराब कसा होतो?

ध्रुवमत्स्य: जेम्स वेब दुर्बिणीच्या निअरस्पेक उपकरणातले डिटेक्टर उड्डाणाआधीच बदलावे लागले, असं वाचलं. अवकाशातलं प्रारण लागलं नाही, फारसा वापरही नाही. मग बिघडले कशाने?

शीतकक्ष: जोडांमुळे. मी अवरक्त डिटेक्टरांच्या चाचण्या घेते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा.

यात एकावर एक बसवलेले दोन भाग असतात. वरचा पारा-कॅडमियम-टेल्युराइडचा थर प्रकाश टिपतो, खालची सिलिकॉनची रीडआउट चिप विद्युतभार मोजते. पिक्सेल २०४८ × २०४८, म्हणजे जवळपास ४२ लाख, आणि प्रत्येकाखाली इंडियम या धातूचा एक चिमुकला ठिपका. तोच जोड. सुमारे ४० केल्व्हिनपर्यंत थंड केलं की दोन्ही भाग कमीजास्त आकसतात. इंडियम मऊ असल्यामुळे तो ताण सोसतं. वेबच्या त्या डिटेक्टरांत इंडियमला अडवणाऱ्या थराच्या रचनेतच दोष होता. इंडियम हळूहळू वरच्या भागात शिरलं आणि पिक्सेल गळू लागले, म्हणजे प्रकाश नसतानाही त्यांत भार जमू लागला. त्याला वापर लागत नाही, वेळ पुरतो.

गळती सापडते ती काळोखात. प्रकाश पूर्ण बंद करून लांब एक्स्पोजर घ्यायचं. चांगल्या पिक्सेलमध्ये सेकंदाला एका इलेक्ट्रॉनच्या शंभराव्या हिश्शाइतकाच भार जमतो. गळका पिक्सेल स्क्रीनवर पांढराफटक दिसतो. नव्या डार्क फ्रेममधून मी जुनी वजा करते आणि जे उरतं ते सगळ्यात आधी बघते, बाकीचे आलेख नंतर. पहिल्या चाचणीचा निकाल कितीही देखणा असो, तोच नग काही महिन्यांनी पुन्हा थंड करून तपासायलाच हवा. वेळापत्रक अंगावर आलं की नेमकी हीच चाचणी गाळायचा मोह होतो, आणि त्याला माझा ठाम विरोध असतो.

अंकगणिती: मग मोबाईल कॅमेऱ्यासारखं सगळं सिलिकॉनमध्येच का करत नाहीत?

शीतकक्ष: साध्या सिलिकॉनमधून १.१ मायक्रॉनपेक्षा जास्त तरंगलांबीचा प्रकाश आरपार जातो. निअरस्पेकला ५ मायक्रॉनपर्यंत बघायचं असतं. पारा आणि कॅडमियमचं प्रमाण बदलून ही मर्यादा हवी तिथे आणता येते, म्हणून एवढा खटाटोप. वेबच्याच मिरी उपकरणात सिलिकॉनच आहे, पण आर्सेनिक मिसळलेलं. ते २८ मायक्रॉनपर्यंत पोचतं, मात्र ७ केल्व्हिनच्याही खाली ठेवावं लागतं, त्यासाठी वेगळा क्रायोकूलर, म्हणजे अतिथंड करणारं यंत्र, बसवलाय. इंडियमचे ठिपके तिथेही आहेतच.

ध्रुवमत्स्य: आता वर गेल्यावर एखादा पिक्सेल गळू लागला तर?

शीतकक्ष: त्याची सदोष पिक्सेलांच्या नकाशात नोंद होते. शिवाय निरीक्षणात दुर्बीण किंचित सरकवून तोच तारा वेगळ्या पिक्सेलांवर घेतात, म्हणजे एका ठिकाणची माहिती गेली तरी दुसरीकडून मिळते. तेवढ्या थंडीत इंडियमचं सरकणंही जवळपास थांबलेलं असतं. खरा धोका खाली, खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या काळात.